वाचक विचारतात : रस्त्यावरचं मीठ आणि उगाच लागलेलं फाटक

(थंडीतल्या रेल्वे फाटकांबद्दल यावेळी एकाच विषयावर पाच पत्रं आली, त्यातली दोन परदेशातून. मी आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात काम केलंय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. पहिल्या दोन प्रश्नांना जरा जास्त जागा दिलीय, सांभाळून घ्या.)

प्रश्न : आम्ही दोघं यंदा चार महिने मुलाकडे मिनेसोटात होतो. त्याच्या घराजवळ रेल्वे फाटक आहे, गेटमन वगैरे कोणी नाही, सगळं आपोआप. जानेवारीभर नीट चाललं होतं. मार्चच्या सुरुवातीला बर्फ वितळायला लागला आणि एके दिवशी फाटक लागलं ते उघडेचना. लाल दिवे चालू, घंटी चालू, गाडीचा पत्ता नाही. दहा-बारा मिनिटांनी पुढचे दोघेतिघे दांड्याला वळसा घालून निघून गेले, आणि आमच्या मुलानेही गाडी तशीच काढली. मी डोळे मिटून घेतले. शेजारी म्हणाले, रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने होतं असं. मिठाचा आणि फाटकाचा काय संबंध? — एक वाचक भगिनी, डोंबिवली

ताई, शेजाऱ्यांचं म्हणणं बहुतेक बरोबर आहे, आणि तुम्ही जे "जानेवारीत नीट होतं, मार्चमध्ये बिघडलं" असं लिहिलंय ना, त्यातच अर्धं उत्तर आहे.

आधी फाटकाला गाडी आल्याचं कळतं कसं ते सांगतो. रुळाच्या एका ठरावीक तुकड्याला एका टोकाला वीज जोडलेली असते, अगदी थोडी, काही व्होल्टची, आणि दुसऱ्या टोकाला असतो रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. करंट एका रुळातून जातो, रिलेतून फिरतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो, तोवर रिले उचललेला राहतो, म्हणजे रूळ मोकळा आहे. गाडी त्या तुकड्यात शिरली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ आपसात जोडून टाकतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि फाटक लागतं. याला म्हणतात ट्रॅक सर्किट. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि यंत्रं कितीही बदलली तरी मूळ कल्पना आजही तीच आहे. यातली खरी हुशारी कशात आहे तर वायर तुटली, बॅटरी संपली, रूळ तुटला, तर बहुतेक वेळा रिले पडतोच, म्हणजे यंत्राला काही कळेनासं झालं की ते "गाडी आहे" असंच धरून चालतं. मला या खात्याबद्दल प्रेम वाटतं ते या एका गोष्टीमुळे.

आता मीठ. दोन रुळांच्या मध्ये असतात स्लीपर आणि खडी. खडी कोरडी आणि स्वच्छ असेल तर एका रुळातून दुसऱ्यात करंट फारसा गळत नाही. पण रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिकडे जे मिठाचं पाणी फवारतात ते साधारण २३ टक्क्यांचं असतं, कारण त्या प्रमाणात ते सगळ्यात उशिरा, म्हणजे उणे २१ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्या अरबी समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. समुद्राच्या सहापट खारट पाणी, आणि वर सुकं मीठ फेकतात ते वेगळंच. अमेरिकेत एका वर्षात रस्त्यांवर जवळपास दोन कोटी टन मीठ पडतं असं सांगतात. ते रस्त्यावरून वाहत फाटकाच्या खोलगट जागेत येतं, शिवाय प्रत्येक मोटार रुळांवरून जाताना दणका खाते आणि तिच्या पोटाला चिकटलेला खारट चिखल नेमका तिथेच गळून पडतो. हे सगळं खडीत मुरलं की दोन रुळांच्या मध्ये एक खारट ओली चादरच पसरते, करंट तिच्यातून गळायला लागतो, रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही, रिले पडतो. गाडी नसताना गाडी दिसली.

मग जानेवारीत का नाही झालं? कारण कडक थंडीत सगळं गोठलेलं असतं, आणि गोठलेल्या जमिनीतून वीज फारशी वाहत नाही. तुमच्या मुलाकडे उणे वीस-पंचवीस असताना मीठही नीट काम करत नाही, साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फार हळू वितळवतं. थंडी उतरली, बर्फाचं पाणी झालं, दोन महिन्यांचं साठलेलं मीठ त्या पाण्यात उतरलं आणि खडीत गेलं, की खरा त्रास सुरू. पुढे दोन-चार चांगले पाऊस पडून ते धुऊन निघेपर्यंत तो चालतो.

अजून एक सांगतो, कारण तुमच्या वर्णनाशी ते अगदी जुळतं. अशा फाटकाला सहसा एक लांबचं सर्किट असतं, गाडी यायच्या आधी इशारा देण्यासाठी, आणि एक छोटं सर्किट असतं अगदी रस्त्यापुरतं, ज्याला आयलंड म्हणतात. गाडीचं शेवटचं चाक रस्त्यावरून पुढे जाईपर्यंत दांडा वर जाऊ नये हे त्याचं काम. आता मीठ पडतं कुठे, तर रस्त्यावरच, म्हणजे बरोब्बर आयलंडमध्ये. त्यामुळे एखादी गाडी खरंच येऊन गेली आणि तुम्ही त्यानंतर पोचलात, तर आयलंडला गाडी अजून रस्त्यावरच आहे असं वाटून फाटक तसंच लागलेलं राहू शकतं.

पण, आणि हे फार महत्त्वाचं आहे, तुमच्या त्या दहा मिनिटांमागे मीठच होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तिथे गाडीत बसलेल्या कोणालाच ते सांगता येणार नाही. एखादी मालगाडी अलीकडे हळूहळू शंटिंग करत असेल, किंवा शेजारच्या दुसऱ्या रुळावरून काहीतरी येत असेल, तरीही बाहेरून चित्र हेच दिसतं. तिकडच्या नियमाप्रमाणे इशारा सुरू झाल्यावर गाडी रस्त्यावर पोचायच्या आत कमीत कमी २० सेकंद मिळायला हवेत. वीसच, ताई. आणि ताशी ८०-९० किलोमीटरने येणाऱ्या लांब मालगाडीला थांबायला दीड किलोमीटर तरी लागतो, कधी जास्त, म्हणजे ड्रायव्हरने तुमच्या मुलाची मोटार पाहिली तरी त्याच्या हातात काही उरत नाही. मुलाने त्या दिवशी जे केलं त्याबद्दल त्याला रागावू नका, पण हे सगळं त्याला वाचून नक्की दाखवा. सलग चार वेळा फाटक उगाच लागलं की माणूस पाचव्यांदा त्यावर विश्वास ठेवत नाही, मिठाचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो, रिले सुरक्षित बाजूला पडला आणि माणूस मात्र धोक्याच्या बाजूला गेला.

प्रश्न : मी शिकागोजवळ राहतो, इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे. करंट गळतो म्हणून रिले पडत असेल तर फीडचा, म्हणजे रुळाला वीज देणाऱ्या टोकाचा, करंट वाढवून प्रश्न सुटायला नको का? की त्यापेक्षा अॅक्सल काउंटर, म्हणजे चाकं मोजणारं यंत्र, बरं? आणि याच्या उलटं होऊ शकतं का, म्हणजे गाडी आहे आणि फाटकाला कळलंच नाही? — एक वाचक, इलिनॉय

करंट वाढवण्याचा आणि उलटं होण्याचा, हे तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, आणि याचं उत्तर मी पुस्तकातून शिकलो नाही.

नोकरीला तीन वर्षं झाली होती, घाटाखालच्या एका स्टेशनात होतो, जुलै महिना. पावसाने खडीत चिखल भरलेला, एक ट्रॅक सर्किट दर मोठ्या सरीला फेल, सिग्नल लाल, गाड्या उभ्या, आणि स्टेशन मास्तरांचे फोनवर फोन. मी लोकेशन बॉक्स, म्हणजे रुळालगतची सिग्नलची पेटी, उघडला आणि फीड एंडचा रेझिस्टन्स कमी करून टाकला, करंट वाढला, रिले उचलला, सगळे खूश. माझ्याबरोबर एक वयस्कर मेंटेनर होते, ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "साहेब, ऊन पडलं की आपण दोघं परत यायचं." तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. आम्ही गेलो, त्यांनी अर्ध्या ओहमचा टेस्ट शंट, म्हणजे चाकांसारखा दोन्ही रूळ जोडणारा जोड, रुळांवर लावला, म्हणजे गाडी आल्याची परीक्षा, आणि रिले पडला नाही. तसाच उचललेला. मी तिथेच रुळाशेजारी खाली बसलो. खऱ्या गाडीचा शंट याहून पुष्कळ चांगला असतो त्यामुळे त्या तीन दिवसांत काही घडलं नव्हतं, पण मी जी परीक्षा पास व्हायलाच हवी ती स्वतःच्या हाताने नापास करून ठेवली होती. आजही जोराचा पाऊस पडून उघडीप झाली की मला तो बॉक्स आठवतो.

तर मुद्दा असा की ओल्या खारट खडीत रिले उचलून धरायला जितका करंट लागतो तितकाच करंट खडी कोरडी झाल्यावर, किंवा तुमच्याकडे गोठल्यावर, फार जास्त ठरतो. मग चाकांनी रूळ जोडले तरी रिलेत थोडा करंट उरू शकतो. अमेरिकन नियम असा आहे की ०.०६ ओहमचा शंट रुळांवर ठेवला तर सर्किटने गाडी ओळखलीच पाहिजे, आणि ही अट ऋतू कुठलाही असो पाळावी लागते, म्हणून तिथला मेंटेनर दोन्ही टोकं सांभाळत बसतो, मार्चचं खारट पाणी आणि जानेवारीची गोठलेली खडी. तक्रारी आल्या म्हणून कोणी नुसता करंट वाढवून गेला तर त्याने उगाच लागणारं फाटक बंद केलं आणि त्याच्या बदल्यात कधीतरी न लागणारं फाटक दिलं. माझ्या मते या विषयातला दुसरा मोठा धोका हा इथे आहे.

उलटं होण्याचं दुसरं कारण म्हणजे रुळाच्या माथ्यावरचा थर. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा साधारण नखाएवढी, आणि करंट जायचा तो तिथूनच. ज्या मार्गावर दिवसाला दोन-चारच गाड्या आहेत तिथे मिठामुळे रुळावर रात्रीत गंज चढतो, त्यावर मोटारींनी आणलेला चिखल, मिठाबरोबर टाकलेली वाळू, आणि हा थर चाक आणि रूळ यांच्या मध्ये येतो. जड इंजिन तो चिरडून टाकतं, हलक्या डब्याला ते दरवेळी जमतंच असं नाही. वाळूचं तर विशेष आहे, ती स्वतः वीज नेत नाही म्हणून खडीला तिचा त्रास कमी, पण माथ्यावर पडली तर तीच वाळू गाडी लपवू शकते. आणि रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी जी फट असते ती बर्फाने आणि वाळूने ठासून भरली, वर गोठली, तर चाक रुळावरून उचललं जाण्याचाही धोका. अशा गंजलेल्या किंवा बर्फाळ ठिकाणी फाटकावर भरवसा न ठेवता रेल्वेगाडीतला माणूस खाली उतरून रस्ता अडवतो आणि मगच गाडी पुढे घेतात, ही पद्धत जुनी आहे आणि योग्य आहे.

तुम्ही अॅक्सल काउंटरबद्दल पण लिहिलंय. आत गेलेली चाकं मोजायची, बाहेर आलेली मोजायची, खडी कशीही असो फरक पडत नाही. आपल्या भारतात ते पुष्कळ ठिकाणी आहेत. पण तुटलेला रूळ त्याला कळत नाही, ट्रॅक सर्किटला बऱ्याचदा कळतो, आणि मोजणी चुकली की माणसाने खात्री करून रीसेट करावं लागतं. खारट फाटकापुरता मला तो उपाय आवडतो.

प्रश्न : मग फाटकाजवळ मीठ टाकायचंच बंद का करत नाहीत? बिटाचा रस वगैरे टाकतात असं ऐकलं, ते बरं का? — एक वाचक, टोरांटो

बंद करता येत नाही, कारण फाटकासमोरचा रस्ता निसरडा असला तर मोटार दांड्याशी थांबणारच नाही, घसरत सरळ रुळावर जाईल. सर्किट नीट चालावं म्हणून माणसाला गाडीखाली घालायचं नसतं. रस्ता खात्याला मीठ हवंच असतं आणि रेल्वेला ते नको असतं, आणि दोघांचंही कारण सुरक्षा हेच, म्हणून हा वाद सुटायला अवघड.

बिटाचा रस मिठाऐवजी नसतो, तो मिठाच्या पाण्यात मिसळतात म्हणजे मीठ रस्त्याला चिकटून राहतं, उडून जात नाही आणि जास्त थंडीतही काम करतं. त्याने मीठ कमी लागतं हा फायदा खरा. कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड ही मिठापेक्षा जास्त थंडीत चालतात, पण वीज तीही नेतात, आणि ती हवेतलं पाणी ओढून ओलीच राहतात, त्यामुळे सर्किटच्या बाजूने बघितलं तर मला ती साध्या मिठापेक्षा वाईट वाटतात. अॅसिटेटवाली रसायनं लोखंडाला कमी खातात, महाग असतात, पण पाण्यात विरघळल्यावर वीज नेणारच.

खरा उपाय पाण्याला वाट करून देणं. रस्त्याचा उतार रुळाकडे न येता बाजूला जावा, फाटकाच्या दोन्ही अंगाला गटार असावं आणि ते तुंबलेलं नसावं, रस्त्याखालची घाण झालेली खडी काढून नवीन भरावी, रुळाखालचे रबरी पॅड आणि लाइनर (रुळातून वीज गळू न देणारे तुकडे) धड असावेत. हे काम दिसत नाही, फोटो येत नाही, पण अर्धा त्रास यानेच जातो. शिवाय रस्त्याच्या स्लॅबखाली झाकलेल्या रुळाचा पाया मीठ आतून खात जातं आणि वरून काही कळत नाही, रुळांचे तुकडे विजेने जोडणाऱ्या बाँड वायरच्या जोडांचंही तेच, म्हणून स्लॅब उचलून बघणं व्हायलाच हवं.

प्रश्न : आपल्याकडे हा प्रश्न येतो का? — एक विद्यार्थी, मिरज

रस्त्यावरच्या मिठाचा नाही. आपल्या बहुतेक फाटकांवर गेटमन असतो, ब्रॉडगेजवरची बिनागेटमनची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली. पण करंट गळण्याचा प्रश्न आपला रोजचाच. आपल्या नियमात खडीचा रेझिस्टन्स स्टेशनच्या हद्दीत किलोमीटरला २ ओहम आणि दोन स्टेशनांच्या मध्ये ४ ओहमच्या खाली जाऊ नये असं आहे, आकडा जितका लहान तितकी गळती जास्त. मुंबईत सायन-कुर्ल्याला रुळावर पाणी चढलं की सिग्नल लाल होतात त्यामागचं एक कारण हेच.

आणि एक गोष्ट जी कोणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे आपल्या डब्यांचे जुने संडास. सगळं थेट रुळावर पडायचं, लघवीत क्षार असतातच, त्यामुळे स्टेशनात जिथे गाड्या उभ्या राहतात तिथली खडी खारट आणि घाण, रुळाचा पाया आणि रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या गंजलेल्या, आणि हे सगळं हाताने साफ करणारी माणसं. बायोटॉयलेट आल्यावर त्या माणसांची त्यातून पुष्कळ सुटका झाली हे सगळ्यात मोठं, आणि त्याबरोबर रूळही वाचले. मिनेसोटातलं मीठ आणि आपला संडास, रिलेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

प्रश्न : मुलगी न्यूजर्सीत नुकतीच गाडी शिकली आहे. थंडीत फाटक उगाच लागलेलं वाटलं, किंवा गाडी बर्फात रुळावर अडकली, तर तिने नेमकं काय करायचं? — एक काळजीत असलेले वडील, नाशिक

फाटकाच्या खांबावर किंवा जवळच्या पेटीवर एक छोटी निळी पाटी असते. तिच्यावर एक फोन नंबर आणि त्या फाटकाचा स्वतःचा नंबर असतो, सहा आकडे आणि एक अक्षर. अमेरिकेत २०१५ पासून ती प्रत्येक फाटकावर असणं बंधनकारक आहे. फाटक बराच वेळ उगाच लागलंय असं वाटलं तर वळसा घालायचा नाही, गाडी मागे घेता आली तर घ्यायची, दुसऱ्या रस्त्याने जायचं आणि त्या नंबरवर फोन करायचा. असा फोन गेला की रेल्वेला काहीतरी करावंच लागतं, त्या फाटकावर रस्ता अडवायला माणूस किंवा पोलीस नसेल तर इंजिन रस्ता ओलांडेपर्यंत रेल्वेगाडी ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटरच्या वर नेता येत नाही. आणि बिघाड दुरुस्त करायला मेंटेनर येतो. म्हणजे तो एक फोन मागच्या सगळ्या मोटारींच्या कामी येतो.

मोटार दोन दांड्यांच्या मध्ये अडकली तर दांडा मोडून बाहेर पडायचं, तो मोडावा असाच बनवलेला असतो, त्याच्या खर्चाचा विचार करायचा नाही.

मोटार रुळावर बंद पडली तर सगळ्यांनी लगेच उतरायचं, सामान राहू द्यायचं, आधी रुळापासून लांब जायचं आणि मग त्या निळ्या पाटीवरच्या नंबरवर फोन, पाटी दिसत नसेल तर ९११. रेल्वेगाडी येताना दिसत असेल तर रुळापासून दूर, पण ती ज्या दिशेकडून येतेय त्या बाजूला तिरकं पळायचं. ऐकायला उलटं वाटतं म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा, धडकल्यावर मोटारीचे तुकडे रेल्वेगाडी जायच्या दिशेला पुढे फेकले जातात, आणि त्या बाजूला पळालेला माणूस त्यांच्या वाटेत सापडतो.